पाटीलबावांचा चालता गड



या वर्षी स्मरणिकेच्या संपादक मंडळाने फर्मान काढले की, पाककृती आणि प्रवासवर्णने भरपूर आली आहेत, तुम्ही एखाद्या ऐतिहासिक पुरुषाचे चरित्र लिहून द्या. मी महादजी शिंद्यांचे नाव सांगितले. छत्रपतींवर, टिळकांवर आपल्याकडे दरवर्षी लेख असतात आणि ते असायलाच हवेत. पण जयपुरात राहणाऱ्या मराठी माणसाला रोजच्या व्यवहारात ज्यांचा इतिहास आडवा येतो ते महादजी. तुंगा इथून पन्नास किलोमीटरच्या आत आहे. लालसोट त्याच्या पुढे. पाटण नीम का थान्याच्या बाजूला, मेडते नागौर जिल्ह्यात, लाखेरी तर आपण दर सुट्टीत गाडीने मुंबईला जाताना ओलांडतो. या सगळ्या ठिकाणी महादजींच्या फौजा लढल्या, आणि ज्यांच्याशी लढल्या त्यांचे वंशज आज आपले शेजारी आणि सहकारी आहेत.

ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत हा विषय निघाला नाही असा मराठी माणूस इथे विरळा. आपले लोक चौथ वसूल करायला येत, ही थट्टा मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत शेकडो वेळा ऐकली असेल. त्यात खरे नाही असेही नाही. 1750 च्या डिसेंबरात सवाई ईश्वरीसिंहांनी विष घेतले, त्यामागे मराठ्यांच्या खंडणीचा तगादा होता. आणि लगेच 1751 च्या जानेवारीत याच शहराच्या परकोट्यात लोकांनी मराठ्यांची कत्तल केली. दोन्ही गोष्टी आपण विसरू नयेत. मात्र मेडत्याकडचे माझे एक सहकारी होते, ते थट्टा करीत नसत. मेडत्याचे नाव निघाले की ते म्हणत असत, तिथे आमचे घोडे हरले नाहीत, घोड्यांसमोर जे उभे होते ते तोवर आम्ही पाहिलेच नव्हते. त्यांच्या या एका वाक्याने मी महादजींचे चरित्र पुन्हा वाचायला घेतले. घोड्यांसमोर काय उभे होते, आणि ते तिथे आले कसे?

महादजींचा जन्म 1730 च्या सुमाराचा. वडील राणोजी शिंदे, साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचे. राणोजी आधी पेशव्यांच्या पदरी साधे चाकर होते, पेशव्यांचे जोडे सांभाळीत, अशी कथा आहे. महादजी औरस पुत्र नव्हेत. त्यामुळे घराण्याची सरदारी आपल्याकडे येईल अशी अपेक्षा त्यांना कोणी ठेवू दिली नसती. पण दैवाने एकेक करून पुढची माणसे काढून नेली. थोरले बंधू जयाप्पा 1755 मध्ये नागौरच्या वेढ्यात, ताऊसरच्या छावणीत, मारवाडच्या महाराजा विजयसिंहांनी पाठवलेल्या मारेकऱ्यांच्या हातून पडले. त्या खुनाची भरपाई म्हणून अजमेर मराठ्यांना मिळाले. दत्ताजी 10 जानेवारी 1760 रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर गेले. तुकोजी पानिपतात पडले. जयाप्पांचा मुलगा जनकोजी पानिपतानंतर पकडला गेला आणि मारला गेला. उरले ते महादजी, तेही एक पाय कायमचा अधू होऊन.

तो प्रसंग बहुतेकांना माहीत आहे. 14 जानेवारी 1761 च्या संध्याकाळी पळणाऱ्या महादजींच्या मागे एक अफगाण स्वार लागला. कितीतरी कोस त्याने पाठ सोडली नाही. शेवटी घोडी थकून पडली, स्वाराने गुडघ्यावर परशूचा घाव घातला, अंगावरचे किडूकमिडूक काढून घेतले आणि मेला समजून सोडून दिले. राणेखान नावाच्या पखालीतून पाणी वाहणाऱ्या भिस्त्याने त्यांना उचलून बैलावर घालून दक्षिणेच्या वाटेला लावले. महादजींनी पुढे त्याला भाऊ मानले, नुसते म्हणण्यापुरते नाही. राणेखान त्यांच्या मोठ्या सेनापतींपैकी एक झाला. जात, धर्म, धंदा न पाहता माणूस पारखण्याची ही सवय या कथेत पुढे फार उपयोगी पडणार आहे, म्हणून ती इथे नोंदवून ठेवतो.

पानिपतावर मराठ्यांच्या डाव्या बाजूला इब्राहिमखान गारद्याचे पायदळ होते, आठ-नऊ हजारांचे. बंदुका आणि संगिनी घेऊन रांगेने चालणारे. त्यांनी समोरच्या रोहिल्यांची धूळधाण केली. पायदळाची अशी रांग समोरून जबरदस्त असते, पण बाजूने उघडी असते. तिच्या कुशीला घोडदळाने थांबून राहायचे असते. थांबणे हेच आपल्या स्वारांना जमले नाही. विंचूरकर-गायकवाडांचे पथक शत्रू मागे हटतोय असे पाहून पुढे घुसले, गारद्यांची बाजू उघडी पडली, असे आपले इतिहासकार सांगत आले आहेत. मला त्यात स्वारांचा भेकडपणा दिसत नाही. दीडशे वर्षे ज्या युद्धपद्धतीने आपण जिंकलो तिचा तो स्वभाव होता. झडप घाला, निसटा, पुन्हा झडप घाला. ती पद्धत सह्याद्रीत जन्मली. तिथे मागे डोंगर असतो. खिंडीच्या तोंडाशी शे-दोनशे मावळे बसले तर दहा हजार घोडा अडतो, कारण घोड्याला रांग धरायला जागा नाही, चढावर दौड नाही आणि मागे वळायला वाट नाही. पानिपताच्या सपाटीवर ना खिंड, ना कडा, ना मागे परतायला गड. उसाच्या शेतात नि यमुनेच्या काठी गनिमी कावा कुठे करणार?

पानिपतानंतरची दहा वर्षे थोडक्यात सांगतो. सरदारीसाठी भाऊबंदकी झाली, ती 1768 मध्ये माधवराव पेशव्यांनी महादजींच्या बाजूने मिटवली. 1771 मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत शिरले आणि 1772 च्या जानेवारीत बादशहा शाह आलम महादजींच्या पाठबळावर आपल्या तख्तावर येऊन बसला. पानिपताला अकरा वर्षेही झाली नव्हती!

मग 1779 चे वडगाव. आपण शाळेत हा धडा विजयाचा म्हणून शिकलो. मुंबईहून निघालेली इंग्रजांची फौज बोरघाट चढून तळेगावपर्यंत आली. मराठ्यांनी तळेगाव आधीच जाळून टाकले होते, दाणागोटा मिळू दिला नाही. जड तोफा तळ्यात ढकलून इंग्रज रात्री माघारी निघाले आणि वडगावात त्यांना शरणागतीचा तह करावा लागला. विजय निर्विवाद. पण त्या माघारीत एक गोष्ट घडली, तिच्याकडे महादजींचे लक्ष आपल्या धड्यापेक्षा जास्त होते. इंग्रजांच्या पिछाडीला कॅप्टन हार्टली नावाचा अधिकारी थोड्याशा देशी शिपायांनिशी होता. मराठा स्वारांनी त्या पिछाडीवर हल्ल्यांमागून हल्ले चढवले. ती फुटली नाही. माणूस पडला की मागचा त्याच्या जागी पुढे येई आणि रांग पुन्हा सलग होई. जिंकलेल्या महादजींनी या हरलेल्या पिछाडीची तारीफ केली. एक थर पाडावा तर दुसरा उभा राहावा अशा लाल भिंतीची उपमा त्यांनी दिली, असे तिथे ओलीस राहिलेल्या इंग्रजाने लिहून ठेवले. आणि त्या भिंतीत गोरे किती होते? त्या रांगेत उभे होते ते याच देशातले शिपाई. महादजींच्या ते ध्यानात आले नसेल असे मला वाटत नाही.

पुढच्या दोन वर्षांत हाच धडा त्यांना उलट बाजूने मिळाला. ऑगस्ट 1780 मध्ये पॉपहॅमने रात्री शिड्या लावून ग्वाल्हेर घेतले, 1781 मध्ये कॅमॅकने रात्रीच्या अंधारात त्यांच्या छावणीवर छापा घालून तोफा नेल्या. 1782 च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांशी शांतता झाली आणि महादजी उत्तरेकडे मोकळे झाले.

याच सुमारास त्यांच्या आयुष्यात आला बनुआ डी बॉईन. जन्म 1751, सव्हॉय प्रांतातल्या शांबेरी गावचा. फ्रेंचांच्या आयरिश पलटणीत नोकरी, मग रशियनांकडून तुर्कांशी लढताना कैद, मग मद्रासला कंपनीच्या पलटणीत कनिष्ठ अधिकारी, मग तीही नोकरी सोडून उत्तर हिंदुस्थानात. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर पोटासाठी गाव सोडलेला माणूस. आपल्यातल्या पुष्कळांना त्याची ओळख पटेल. महादजी गोहदच्या राण्याशी लढत होते तेव्हा याने राण्याला महादजींविरुद्ध एक बेत सुचवला होता. ते महादजींना कळले. दुसऱ्या कोणी त्याचे मुंडके मागितले असते. महादजींनी त्याला 1784 मध्ये नोकरीवर ठेवले आणि दोन पलटणी उभ्या करायला सांगितले.

आता ही कवायती पलटण घोड्यांना कशी अडवते ते जरा नीट सांगितले पाहिजे. त्यावेळच्या चकमकीच्या बंदुकीचा नेम शंभर पावलांपलीकडे धरता येत नसे. तरबेज शिपाई मिनिटाला दोन, फार तर तीन बार काढी. भरधाव घोडा ते शंभर पावलांचे अंतर दहा-पंधरा सेकंदांत कापतो. म्हणजे शिपायाला एकच बार मिळतो. तो चुकला की घोडा अंगावर! सुटा शिपाई म्हणूनच घोडेस्वाराचे भक्ष्य. पण तेच शिपाई खांद्याला खांदा लावून दोन-तीन रांगांत उभे केले, पुढच्यांना गुडघ्यावर बसवून संगिनी तिरप्या रोवायला लावल्या, मागच्यांनी आळीपाळीने बार काढले, तर चित्र पालटते. स्वार कितीही शूर असला तरी घोडा शहाणा असतो. सलग काट्यांच्या कुंपणावर तो उडी घालत नाही. शेवटच्या क्षणी वळतो, बुजतो, बाजूने निघून जातो. मग स्वार रांगेच्या बाजूला किंवा मागे जाऊन कच्ची जागा शोधतात. ती मिळूच नये म्हणून रांगेचा चौकोन करायचा. चारी बाजूंना तोंडे, पोटात पोकळी. त्या पोकळीत अधिकारी, दारूगोळ्याचे गाडे आणि जखमी. पाठ म्हणून उरतच नाही.

आपल्याकडे हे काम डोंगर करीत असे. डोंगराला पाठ नसते. हिंदुस्थानच्या मैदानात डोंगर नाही, म्हणून तो माणसांचा करायचा, आणि तो हुकुमासरशी चालला पाहिजे. महादजींनी विकत घेतला तो हा चालता गड, असे मी समजतो. फक्त या गडाला दगड-चुन्याऐवजी दुसऱ्याच गोष्टीने बांधावे लागते, ते त्यांना तुंग्याला कळले.

1787 मध्ये महादजी बादशहाचे मुखत्यार म्हणून जयपूरची खंडणी मागायला आले. सवाई प्रतापसिंह गादीवर होते. हवामहल बांधला तेच. जोधपूरचे राठोड त्यांच्या मदतीला आले आणि महादजींच्या बाजूचा मुघल सरदार मुहंमद बेग हमदानी ऐन वेळी फुटून तिकडे गेला. 28 जुलैला तुंग्याजवळ गाठ पडली. मी दोनदा तिथे जाऊन आलो. मोरेल नदीच्या आसपासची जमीन नाल्या-घळींनी चिरलेली आहे. अशा जमिनीवर घोड्यांची ओळ फार वेळ ओळ राहत नाही, पण तरीही राठोडांनी जो हल्ला केला त्याची कवने मारवाडात झाली. ते तोफांवरून गेले, गोलंदाज कापले आणि मराठ्यांची डावी बाजू मागे रेटली. डी बॉईनच्या दोन पलटणी त्या लोंढ्यात उभ्या राहिल्या. पलीकडे हमदानी तोफेच्या गोळ्याने ठार झाला. संध्याकाळी कोणीच जिंकले नव्हते.

हरले ते दोन-तीन दिवसांनी, आणि तलवारीने नव्हे. महादजींकडे बादशाही पलटणी होत्या, जुन्या मुघल सरदारांनी उभारलेल्या. त्यांचा पगार महिनोन्महिने थकला होता. त्या पलटणी सुमारे ऐंशी तोफांसह सरळ जयपूरकरांकडे चालत गेल्या! महादजींना डीगकडे माघार घ्यावी लागली, पुढच्या वर्षभरात दिल्ली, अजमेर सगळे हातचे गेले, आणि त्या गोंधळात 1788 च्या ऑगस्टमध्ये गुलाम कादिरने म्हाताऱ्या शाह आलमचे डोळे काढले. पहिल्या तारखेच्या पगारावर संसार केलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटणार नाही. थकलेल्या पगारावर कोण समोरून येणाऱ्या दहा हजार घोड्यांपुढे गुडघा टेकून बसेल?

महादजींचे वय तेव्हा सत्तावन्न. अधू पाय, पुण्याहून पैसा नाही, मदत उशिरा आणि कुरकुरत आलेली. तरी माणूस खचला नाही. जून 1788 मध्ये आग्र्याजवळ इस्माईल बेगचा पराभव झाला, ऑक्टोबरात राणेखानाने दिल्ली परत घेतली, गुलाम कादिर पकडून मारला गेला. भिस्त्याचा पोर बादशहाला सोडवायला गेला, हे मला पानिपतापेक्षाही मोठे वाटते. असो.

1790 मध्ये महादजींनी खरा निर्णय घेतला. दोन पलटणींऐवजी पुरा ब्रिगेड, आणि त्याच्या पगारासाठी कोणाच्या तोंडाकडे बघायला नको म्हणून दुआबातला मुलूख जायदाद म्हणून थेट डी बॉईनच्या हाती. अलीगढ हे ठाणे. मुलुखाचा वसूल येणार, त्यातून दरमहा पगार होणार. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस तोफा ओतू लागला. शिपाई अयोध्येकडचे, रोहिलखंडातले, दुआबातले. लाल डगल्यातले तिलंगे आणि आपल्याच पेहरावातले नजीब. जखमी झालेल्याला भरपाई, अपंग झालेल्याला निर्वाहाची सोय. मराठा सरदारांनी नाके मुरडली. खोगिरावर जन्म काढलेल्यांना पायी चालणाऱ्या पुरभय्यांना घोड्याच्या बरोबरीने मान द्यायचा म्हणजे काय! त्यांच्या नाराजीचा विचार केला असता तर महादजी मथुरेलाच बसून राहिले असते.

20 जून 1790 ला पाटणची लढाई झाली. इस्माईल बेग डोंगरांच्या आश्रयाने मोर्चे लावून बसला होता, सोबत जयपूर-जोधपूरचे दळ. गोपाळराव भाऊ, जिवबादादा हे मराठा सेनापती आणि पायदळाला डी बॉईन. इस्माईल बेगने पुन्हा पुन्हा घोडे घातले, तोफांपर्यंत येऊन गोलंदाज कापले, पण मागची रांग उभीच. संध्याकाळी पायदळ पुढे सरकले आणि मोर्चे हाती आले. त्या दिवशी कछवाहे जवळजवळ बाजूलाच राहिले, असे टॉड सांगतो, आणि कारण मोठे मासलेवाईक देतो. तुंग्यानंतर राठोडांच्या चारणांनी कवन केले की आमेरची अब्रू राठोडांनी राखली, ते कछवाह्यांच्या मनाला लागले होते! पाटणनंतर मग राठोडांवर कवन झाले: घोडा, जोडा, पागोटे, मिशा आणि तलवार, पाचही चिजा मारवाडी पाटणला टाकून आले म्हणून. कवितेने लढाया हरता-जिंकता येतात, हे आपल्या कवी मंडळींनी ध्यानात ठेवावे.

राठोड ते कवन काळजावर घेऊन मेडत्याला जमले. मीरेचे हे मेडते. जिथवर नजर जाते तिथवर सपाट रान, घोड्यांसाठीच घडवल्यासारखे. माझ्या सहकाऱ्याबरोबर तिथे उभा राहिलो तेव्हा त्यांनी हात फिरवून दाखवले, आणि मला पटले की राजपूत घोडेस्वाराने आपल्यासाठी रणांगण मागून घ्यायचे तर हेच घेतले असते. वास्तविक जमिनीने राठोडांना त्याहूनही मोठी संधी दिली होती. डी बॉईन येत असताना अलनियावासजवळ लुणी नदीच्या पात्रात त्याच्या जड तोफा रुतल्या. पलटणी अलीकडे-पलीकडे, चौकोन करायला सवड नाही. ठाकूर मंडळी म्हणत होती, आत्ताच तुटून पडू. जोधपूरच्या कारभाऱ्यांचा हुकूम होता, इस्माईल बेग येईपर्यंत थांबा. पानिपतावर स्वार थांबले नाहीत म्हणून बुडाले. इथे थांबले म्हणून.

10 सप्टेंबर 1790 च्या पहाटे उजाडण्याच्या आत डी बॉईनने राठोडांच्या झोपलेल्या छावणीवर छर्ऱ्यांचा मारा सुरू केला. छावणी उधळली. इतक्यात रोहां नावाचा त्याचा एक फ्रेंच कप्तान हुकूम नसताना तीन पलटणी घेऊन फार पुढे गेला, आणि एवढ्या वेळात सावरलेले राठोड त्याच फटीवर आले. केशरी वस्त्रे घालून निघाले होते, म्हणजे परत यायचे नाही हे ठरवून. रोहांच्या पलटणी मागे फेकल्या गेल्या. डी बॉईनला जी काही थोडी मिनिटे मिळाली तेवढ्यात त्याने बाकीच्या फौजेचा पोकळ चौकोन उभा केला. धुरळा खाली बसला तेव्हा राठोडांना समोर मोडलेली फौज दिसली नाही, चारी बाजूंना संगिनी दिसल्या. त्यांनी चारही बाजूंनी घोडे घातले. तोफांमधून गेले, वळले, पुन्हा आले. दर वेळी थोडे कमी होऊन आले. शेवटी घोडे उरले नाहीत तेव्हा काही जण पायी लढले. आसोपचे ठाकूर महेशदास कूंपावत तिथेच पडले. मारवाडात त्यांचे नाव आजही आदराने घेतात, आणि आपणही घ्यावे. दुपारी मेडते शहर पडले. जानेवारी 1791 मध्ये विजयसिंहांनी तह केला, जबर खंडणी कबूल केली आणि अजमेर परत दिले. जयाप्पांच्या खुनाला छत्तीस वर्षे होत आली होती. मारेकरी पाठवणारे विजयसिंह अजून गादीवर होते आणि धाकटा भाऊ मथुरेला बसून तहाच्या अटी सांगत होता.

हो, मथुरेला. महादजी स्वतः मेडत्याला नव्हते. तिकडे ते कृष्णभक्तीत असत, पदे रचीत, आणि पत्रांवर पत्रे लिहून पलटणींचा पगार, दारूगोळा, बैल यांची तजवीज लावीत. लढाई लढणाऱ्याचे चरित्र सगळे लिहितात. बैलांची तजवीज लावणाऱ्याचे कोणी लिहीत नाही, म्हणून मी हे दोन शब्द मुद्दाम घातले.

1792 मध्ये ते पुण्याला गेले. बादशहाकडून आणलेली वकील-ए-मुतलकची वस्त्रे सवाई माधवरावांना मोठ्या समारंभाने दिली आणि दरबारात स्वतः पेशव्यांचे जोडे हाती घेऊन आपण पाटीलच आहोत हे दाखवले. नाना फडणीसांना त्या नम्रतेची भीती वाटली असावी. राजकारण समजणाऱ्या माणसाला वाटणारच. इकडे उत्तरेत 1793 मध्ये लाखेरीच्या खिंडीत शिंद्यांचे आणि होळकरांचे दळ एकमेकांवर पडले. तुकोजी होळकरांनीही आता दुद्रनेक नावाच्या फ्रेंचाच्या चार पलटणी ठेवल्या होत्या. जागा अडचणीची, दोन्हीकडे झाडी, समोर दलदल. डी बॉईनचे दारूचे गाडे पेटून उडाले, तरी त्याचे पायदळ झाडीतून वर चढले. होळकरांच्या स्वारांना दौडायला वावच मिळाला नाही. दुद्रनेकच्या पलटणी जागच्या हलल्या नाहीत, जवळजवळ सगळ्या तिथेच कापल्या गेल्या. आयुष्यातली सर्वांत कठीण लढाई म्हणून डी बॉईनने हिचीच आठवण ठेवली. पुढच्या वेळी गाडी लाखेरीला थांबली तर सिमेंटच्या कारखान्यापलीकडच्या डोंगराकडे जरूर बघा. मराठ्यांनी मराठ्यांना मारले ते तिथे.

12 फेब्रुवारी 1794 ला महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले. तिथली शिंद्यांची छत्री आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पुत्र नव्हता, नात्यातला दौलतराव, तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा, गादीवर आला. डी बॉईन दीड-दोन वर्षांत नोकरी सोडून मोठी दौलत घेऊन शांबेरीला परतला आणि तिथे 1830 मध्ये मेला. त्याच्या गावात चार हत्तींचे कारंजे त्याच्या स्मरणार्थ बांधले आहे. त्याची जागा पेराँ नावाच्या फ्रेंचाने घेतली.

महादजींवर माझा एकच आक्षेप आहे आणि तो मी लिहिणार. दहा वर्षांत त्यांनी अठरा हजारांवर कवायती पायदळ उभे केले, पण त्याला हुकूम देणारे शंभर मराठी तरुण तयार केले नाहीत. गड बांधला आणि किल्ल्या परक्याच्या कमरेला ठेवल्या. त्यांना वेळ मिळाला नाही असे म्हणता येईल. सरदार पोरांना पायी चालायला लावणे त्यांनाही जमले नसते, असेही म्हणता येईल. माझे समाधान दोन्हींनी होत नाही.

1803 मध्ये इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या युरोपियन अधिकाऱ्यांना फोडले. 4 सप्टेंबरला अलीगढ गेले, 11 सप्टेंबरला पटपडगंजला हार होऊन दिल्ली गेली. पेराँ शरण गेला. उरलेल्या पलटणी, कोणी वाली नसलेल्या, अलवारजवळ लासवारीला 1 नोव्हेंबरला जनरल लेकने गाठल्या. त्याने पायदळाची वाट न पाहता पहाटे घोडदळ घातले. शिपायांनी बांध फोडून वाटेत पाणी सोडले होते. उंच गवतात तोफा दडवल्या होत्या आणि तोफांना एकमेकींशी साखळ्या लावल्या होत्या. इंग्रज स्वार रांगेतून आरपार गेले, पण जागा हाती राहिली नाही. माणसे, घोडे गमावून लेकला त्यांना मागे घ्यावे लागले. दुपारी त्याचे पायदळ आले तेव्हाच लढाईचा निकाल लागला, आणि तोही शिंद्यांचे शिपाई जागच्या जागी तोफांशी मारले गेले तेव्हा. फ्रेंच अधिकारी यांच्यासोबत असते तर काय झाले असते याची खात्री देता आली नसती, असे लेकने नंतर वरिष्ठांना कळवले. अधिकारी नव्हते, पगार देणारा दूर दक्षिणेत होता, आणि ज्याने त्यांना उभे राहायला शिकवण्याचे ठरवले तो पाटीलबावा जाऊन पावणेदहा वर्षे झाली होती.